माजलेले रान आणि 'झुडपी' हा शब्द

पोंभुर्ण्याच्या मंडळींनो,

तुम्हांला आता अक्षर लागले आहे. जोडाक्षरेही वाचता येऊ लागली आहेत. म्हणून आज आम्ही तुमच्याशी एका शब्दाविषयी बोलणार आहोत.

इंग्रजीत 'ओव्हरग्रोन' असा एक शब्द आहे. उद्या शाळेत जाणाऱ्या नातवाने त्याचा अर्थ विचारला, तर काय सांगाल? अर्थ असा : कोणी पेरले नाही, कोणी छाटले नाही, तरी आपोआप वाढले. आणि इतके वाढले की मूळची जागाच दिसेनाशी झाली.

इंग्रजीत एवढ्या एका शब्दावर भागते. आपल्याकडे जागा बदलली की शब्द बदलतो. ही वाक्ये मोठ्याने वाचा.

वावरात तण माजले.
धुऱ्यावर झुडपे चढली.
पांदण बुजली.
बोडी बेशरमने भरली.
घरामागची वाडी रान झाली.

ही वाक्ये तुम्ही रोज बोलता. प्रत्येक वाक्यात पुढचे काम दडलेले आहे. तण माजले म्हणजे निंदणाला बाया लावा. पांदण बुजली म्हणजे बंडी वावरापर्यंत जायची नाही. बोडी बेशरमने भरली म्हणजे तिच्यात पाणी कमी मावेल आणि धानाला ताण पडेल. वाडी रान झाली म्हणजे सापाला, बिबट्याला घरामागे आडोसा मिळाला. आपल्या भागात ही गोष्ट हसण्यावारी नेण्याची नाही.

हेच बोलणे माणसालाही लागू करतात. पैसा आला आणि पाय जमिनीवर राहिले नाहीत, की लोक म्हणतात, "तो माजला." अंगाने वाढलेल्या, पण पोरकटपणा न सुटलेल्या मुलाला इंग्रजी माणूस तोच 'ओव्हरग्रोन' शब्द लावतो. आपण म्हणतो, "एवढा घोडा झाला, तरी अक्कल नाही."

पण एक लक्षात ठेवा. "त्याचे वावर रान झाले," हे वाक्य अर्धे आहे. का झाले, ते विचारले म्हणजे ते पुरे होते. घरधनी खाटेवर असेल. भावाभावांत तंटा असेल. कुटुंब मिरची तोडायला तेलंगणात गेले असेल. तण डोळ्यांना दिसते, अडचण दिसत नाही. म्हणून हे वाक्य टोमणा मारण्यासाठी बोलू नका. चार हात मदतीला न्या. एका दिवसात वाक्य बदलेल : "वावर साफ झाले."

बोललेले वाक्य असे बदलते. लिहिलेले वाक्य मात्र विळ्याने कापता येत नाही. ते आता सांगतो.

जुन्या मध्यप्रांताच्या महसुली दप्तरात काही जमिनींपुढे 'झुडपी जंगल' असे लिहिले गेले. झुडपी म्हणजे झुडपांचे. जमीन हलकी, मुरमाड. त्यावर मोठी झाडे नाहीत, नुसती खुरटी झुडपे. गावची गुरे तेथे चरत. १९५६ साली विदर्भ मुंबई राज्यात आला, तेव्हा हे दप्तरही बरोबर आले. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या आजच्या सहा जिल्ह्यांत अशी ८६ हजार हेक्टरांहून अधिक जमीन आहे.

पुढे काळ बदलला. अशा जमिनींवर कोठे घरे झाली, कोठे शाळा, कोठे दवाखाना, कोठे स्मशान. झुडपे गेली, पण दप्तरातला शब्द राहिला.

१९८० साली वन संवर्धनाचा कायदा झाला. जंगलाची जमीन दुसऱ्या कामाला लावायची तर केंद्र सरकारची परवानगी लागू लागली. १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, सरकारी दप्तरात जे जंगल म्हणून नोंदले आहे, त्यालाही हा कायदा लागू आहे. झाला प्रश्न उभा! 'झुडपी जंगल' हे झुडूप धरायचे की जंगल?

२२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला : ते जंगलच धरायचे. मात्र १२ डिसेंबर १९९६ पूर्वी अधिकाऱ्यांनी रीतसर दिलेल्या जमिनींसाठी वाट ठेवली. त्या जमिनी जंगलाच्या यादीतून काढाव्यात, असा प्रस्ताव राज्य सरकारने केंद्राकडे पाठवावा, असे सांगितले.

पाहा मंडळी, कोणा कारकुनाने कधी काळी झुडपे पाहून एक शब्द लिहिला. त्या शब्दावर आज कितीतरी घरांचा दाखला अडून आहे. त्याच शब्दामुळे कितीतरी चराईची जमीन वाचलीही आहे. ज्याला वाचता येते, त्याला हे दोन्ही कळते.

म्हणून आमचे सांगणे एवढेच. जागा घेण्यापूर्वी, घर बांधण्यापूर्वी तलाठ्याकडे जा. विचारा, "या जागेपुढे काय लिहिले आहे?" तो सांगेल ते ऐका, पण कागदही हातात घ्या. 'पड', 'निस्तार', 'झुडपी जंगल' हे शब्द आहेत का, ते स्वतः बोट ठेवून वाचा. समजले नाही तर पुन्हा विचारा. वाचल्याशिवाय अंगठा नाही आणि सहीही नाही.

सराव

१. पुढील शब्द वापरून एकेक वाक्य लिहा : माजणे, बुजणे, झुडपी, पांदण.
२. तुमच्या गावातील बुजलेली एक वाट किंवा भरलेली एक बोडी सांगा. ती साफ करण्यास किती माणसे आणि किती दिवस लागतील?
३. तुमच्या घराच्या जागेचा कागद घरी वाचून पाहा. न समजलेला शब्द वहीत उतरवून वर्गात आणा.