आलेखातली रेघ इंग्रजीत सांगताना



परदेशात शिकायला जाण्यासाठी आपली कितीतरी मुलं आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा देतात. तिच्या अकॅडमिक प्रकारात लेखनाचा पहिला प्रश्न बरेचदा आलेखाचा असतो. रेघ कुठे चढली, कुठे उतरली, ते किमान 150 शब्दांत लिहायचं. मग मुलं शब्दांच्या याद्या घोकतात. त्यांत ‘सोअर’ आणि ‘प्लमेट’ फार लाडके. साधं ‘राइज’ किंवा ‘फॉल’ लिहिलं तर गुण जातील, ही भीती शिकवणीतूनच मनात बसते, आणि मला तिचं वाईट वाटतं.

कारण परीक्षकासमोरही तोच आलेख असतो. दहा वर्षांत आकडा 40 वरून 44 वर गेला आणि तुम्ही ‘सोअर’ लिहिलंत, तर तो शब्द तिथे चुकीचाच ठरतो. कांदा क्विंटलमागे दीड हजारावरून पन्नास रुपयांनी उतरला, तर लासलगावचा शेतकरी ‘भाव गडगडला’ म्हणेल का? ‘जरा नरमला’ म्हणेल. हा तोल आपल्याला मराठीत उपजत असतो, तोच इंग्रजीत न्यायचा. चार अंकांच्या त्या वाढीला ‘रोझ स्लाइटली’ पुरेसं आहे. ‘फ्लक्चुएट’ही रेघ पुन्हापुन्हा वरखाली झाली तरच. एकदा उतरून सावरली, तर ‘रिकव्हर’.

खरी पडझड होते ती छोट्या शब्दांत. ‘रोझ बाय 20’ म्हणजे वीसने वाढ, ‘रोझ टू 20’ म्हणजे विसापर्यंत. एका अव्ययाने सगळी माहिती खोटी होते. टक्क्यांचंही तसंच. वाटा 12 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर गेला, तर वाढ 6 टक्के नव्हे, 6 ‘पर्सेंटेज पॉइंट्स’. टक्क्यांत सांगायचं तर ती वाढ चक्क 50 टक्के आहे!

आणखी एक चूक सर्रास दिसते: ‘जर्मनी इन्क्रीज्ड’. अहो, जर्मनी कशी वाढेल? वाढते तिथल्या पर्यटकांची संख्या. वाक्याचा कर्ता आधी नीट ठरवा. मग तीच गोष्ट दोन तऱ्हांनी सांगता येते, एकदा ‘सेल्स रोझ शार्पली’, एकदा ‘देअर वॉज अ शार्प राइज इन सेल्स’. शब्दसंपदा आणि व्याकरण यांचे गुण वेगवेगळे मोजले जातात. असा रचनाबदल दोन्हीकडे उपयोगी पडतो, दहा अवघड क्रियापदं पाठ करण्यापेक्षा कितीतरी जास्त.

प्रत्येक वर्षाचा आकडा मात्र लिहीत बसू नका. एकंदर कल काय, हे दोन वाक्यांत आणि आकड्यांशिवाय आधी सांगा. कारणं शोधू नका, मत देऊ नका, ते इथे विचारलेलंच नाही. आणि विसाव्या मिनिटाला पुढच्या निबंधाकडे वळा, त्याचं वजन दुप्पट आहे.