दार उघडे ठेवण्याचे काम

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मागील पन्नास वर्षांचा गौरव माझ्या पूर्वीच्या वक्त्यांनी यथोचित केला आहे. मला पुढील वाटचालीविषयी एक विनंती करावयाची आहे.

4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते भिलाईच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. त्या काळात आणि त्यानंतर आपली वडील मंडळी येथे आली. परक्या मुलुखात आपले म्हणावे असे एखादे दार असावे, या गरजेतून मंडळे उभी राहिली. आज आपण येथे परके राहिलेलो नाही. परंतु सेक्टर नऊच्या जवाहरलाल नेहरू रुग्णालयाच्या आवारात तो परकेपणा आजही नजरेस पडतो. खेड्यातून आलेल्या रुग्णाला खाट मिळते. त्याच्यासोबतच्या माणसाला मात्र कोणत्या खिडकीवर जावे, कोणता कागद दाखवावा, रात्र कोठे काढावी, हे सांगणारे कोणी भेटतेच असे नाही.

मुंबईस नेमणुकीवर असताना काही रविवारी मी दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जात असे. टाटा रुग्णालयात उपचारासाठी दूरदूरहून आलेले कर्करोगी व त्यांचे नातलग तेथे राहतात. प्रथम वाटले, आपण येथे काय करणार? आपण ना वैद्य, ना धनिक. परंतु तेथे अर्ज भरून देणारा, चिठ्ठीवरील तारीख वाचून सांगणारा आणि दोन घटका ऐकून घेणारा माणूसही हवा असतो. माझ्या पदवीचा आणि सरकारी नोकरीचा एवढा सरळ उपयोग अन्यत्र क्वचितच झाला असेल.

गाडगेबाबांना अक्षरओळख नव्हती. तथापि निराश्रिताला आधी छप्पर हवे, उपदेश नंतर, हे त्यांनी अचूक ओळखले होते. ज्यांना पंढरीत कोणी थारा देत नसे, त्यांच्यासाठी त्यांनी चोखामेळा धर्मशाळा बांधली आणि 1949 साली ती डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली.

कोणी म्हणेल, वास्तू मराठी माणसांच्या वर्गणीची. मग ती इतरांसाठी का उघडावी? याचे उत्तर आपल्याच लोहमार्गावर, चांपा येथे आहे. रेल्वेत नोकरी करणारे सदाशिवराव कात्रे स्वतः कुष्ठरोगाने पीडित झाले आणि 1962 साली त्यांनी तेथे कुष्ठरुग्णांसाठी संस्था काढली. पुढे अमरावती जिल्ह्यातील पथ्रोटचे दामोदर गणेश बापट यांनी त्या कार्याला आयुष्य वाहिले. 2018 साली त्यांना पद्मश्री मिळाली, 2019 साली ते निवर्तले. रुग्णाची मातृभाषा कोणती, हे या दोघांनी कधी विचारले असेल असे मला वाटत नाही. छत्तीसगडच्या मातीने आपल्याला अन्न दिले. तिच्या लेकरांना आपण बसायला एक बाक देऊ शकतो.

म्हणून माझी सूचना अशी : मंडळाची पुढची खोली रोज सायंकाळी पाच ते सात या वेळेत कोणाही गरजूसाठी उघडी ठेवावी. पिण्याचे पाणी, चहा, मोबाईल भारित करण्याची सोय, आणि आयुष्मान कार्डापासून निवृत्तिवेतनापर्यंतचे कागद समजावून देणारे दोन सभासद, एवढ्यावर आरंभ होईल. औषधोपचाराचा सल्ला आपण देऊ नये. तो वैद्यांचा अधिकार. रोख रक्कमही हाताळू नये. आलेल्याची जात, गाव, कर्मकथा विचारू नये. त्याने आपण होऊन सांगितली तर ऐकावी आणि तेथेच ठेवावी. त्याचे छायाचित्र तर मुळीच काढू नये. आम्हा कचेरीतील माणसांना अर्जाशिवाय काही हलत नाही याची सवय असते. या खोलीत तरी अर्ज नसावा.

खरी अडचण पैशाची नाही, सातत्याची आहे. उद्घाटनाला शंभर माणसे येतील. श्रावणातल्या पावसात, सणाच्या दिवशी, परीक्षांच्या काळात कोण येईल? एकदा येऊन ज्याला कुलूप दिसले, तो गरजू पुन्हा येत नाही. चौदा सभासदांनी आठवड्यातील दोन तास दिले, तर एकही सायंकाळ रिकामी जाणार नाही. सेवानिवृत्तांनी, गृहिणींनी आणि महाविद्यालयीन मुलांनी पुढे यावे. अस्खलित छत्तीसगढी बोलणारी आपली मुले या कामी आपल्यापेक्षा अधिक उपयोगी पडतील.

कार्यवाहांच्या मेजावर एक वही ठेवली आहे. पहिल्या पानावर वारांची नावे आहेत आणि प्रत्येक वारासमोर दोन जागा मोकळ्या आहेत. मंगळवारची एक जागा मी भरली आहे. उरलेल्या तेरा आज घरी जाण्यापूर्वी भराव्यात, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.