तपासणीचा कागद

माझ्या चाचीला मूल झालं नाही. हकिमाच्या पुड्या, दर्ग्यावरचे धागे, शहरातले डॉक्टर, सगळं तिनं केलं. चाचा सोबत जायचे. पण तपासणीचा कागद नेहमी तिच्याच नावाचा असायचा. गल्ली तिला वांझ म्हणायची. हा शब्द बाईला लागतो, जमिनीला लागतो. ज्या पुरुषाच्या वीर्यात शुक्राणूच नाहीत, त्याच्यासाठी आपल्या रोजच्या बोलण्यात शब्द नाही. नपुंसकता ही निराळी गोष्ट.

मी कवी माणूस, शिक्षण बी.ए.पर्यंत. शास्त्र वाचतो ते कुतूहलानं. अलीकडे उंदरांवरच्या एका प्रयोगाबद्दल वाचलं आणि चाची आठवली.

उंदराच्या वृषणात मूळपेशीपासून शुक्राणू तयार व्हायला साधारण ५२ दिवस लागतात. या वाटचालीला ‘डॅझल’ नावाचं एक जनुक लागतं. ज्या उंदरांत त्याचं प्रथिन फार कमी केलं होतं, असे नर अमेरिकेतल्या डॅलसच्या शास्त्रज्ञांनी घेतले. या नरांना पिल्लं होत नव्हती. मग दुसऱ्या उंदराच्या शुक्राणू घडवणाऱ्या मूळपेशी त्यांच्या वृषणात सोडल्या. त्या रुजल्या आणि त्याच नरांपासून पिल्लं झाली, अर्थात वंश दात्याचा. हे काम २००९ साली प्रसिद्ध झालं.

माणसांत या जनुकाचे भाऊबंद पुरुषाच्या वाय गुणसूत्रावरही आहेत. १९९५ मध्ये डेव्हिड पेज यांच्या गटानं वीर्यात शुक्राणू नसलेले ८९ पुरुष तपासले. त्यातल्या १२ जणांत वाय गुणसूत्राचा तो तुकडाच गळालेला होता. अशा पुरुषाची दाढी-मिशी, ताकद, संसार, सगळं नीट असू शकतं. बाहेरून काही कळत नाही.

उंदरांवरचा तो उपाय माणसासाठी अजून प्रयोगाच्याच पायरीवर आहे. पण वीर्यतपासणी मिळते. तिला सुई लागत नाही, भूल लागत नाही. मूल न होण्याच्या सुमारे निम्म्या प्रसंगांत पुरुषाकडचं कारणही असतं. म्हणून सुरुवातीलाच दोघांनी तपासून घ्यावं.

चाचा गेले, मग चाचीही गेली. उणीव तिच्यात होती, त्यांच्यात होती, की दोघांत, हे घरात कुणालाच कधी कळलं नाही. चाचांच्या नावाचा कागद निघालाच नव्हता. वांझ हा शब्द मात्र चाचीच्या मयतीच्या दिवशीही मी ऐकला.