दृष्टी मोजणारे हात
(वार्षिक सभेतील रुग्णालय प्रशासकांचे मनोगत)



आपल्या औदार्यामुळे रुग्णालयात मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया होतात, नवी यंत्रे येतात. मात्र केवळ फळ्यावरचे न दिसल्यामुळे अभ्यासात मागे पडणारे मूल कोणत्याच ताळेबंदात दिसत नाही. त्याची दृष्टी मोजून अचूक नंबर काढणारी व्यक्ती म्हणजे ऑप्टोमेट्रिस्ट.

हे कार्य चष्म्यापुरते मर्यादित नाही. आळशी डोळा बालपणीच ओळखणे, काचबिंदूचा किंवा मधुमेहामुळे दृष्टिपटलास झालेल्या इजेचा संशय येताच रुग्णास नेत्रतज्ज्ञांकडे पाठविणे, हेही त्यात येते.

बारावी विज्ञान शाखेनंतर बी. ऑप्टोम. ही पदवी घेता येते. तिचे अखेरचे वर्ष प्रत्यक्ष रुग्णसेवेतील प्रशिक्षणाचे असते. २०२१ च्या केंद्रीय कायद्याने संलग्न आरोग्यसेवा व्यवसायांत ऑप्टोमेट्रीचा समावेश करून नोंदणीची तरतूदही केली आहे.

तरीही धर्मादाय रुग्णालयांत अनुभव घेऊन अनेक तरुण अधिक वेतनासाठी अन्यत्र जातात. त्यांना दोष देणे योग्य नव्हे. यंत्र एकदाच विकत घ्यावे लागते. ते हाताळणाऱ्याचे वेतन दरमहा द्यावे लागते. देणगीदाराच्या नावाची पाटी यंत्रावर लागते, वेतनावर लागत नाही.

म्हणून माझी नम्र विनंती आहे की, ऑप्टोमेट्रिस्टच्या वेतनासाठी स्वतंत्र कायम निधी उभारावा. पालकांनीही आपल्या मुलामुलींसाठी या मार्गाचा अवश्य विचार करावा.