मुलांना उजेडात जाऊ द्या
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



व्याख्यान देण्याची मला सवय नाही. घरी घडले तेवढे सांगते.

माझा धाकटा मुलगा नऊ वर्षांचा. दोन वर्षांपूर्वी त्याला फळ्यावरचे दिसेना. डोळ्यांच्या डॉक्टरांनी चष्मा दिला आणि विचारले, "बाई, हा दिवसाउजेडी बाहेर किती वेळ असतो?" मला उत्तर देता येईना. आमच्या लालबागच्या चाळीच्या पटांगणात आता मोटारी उभ्या असतात. चेंडू लागला की ओरड होते, म्हणून मीच त्याला घरात बसवी व हाती मोबाईल देई. मुलगा त्रास देत नाही, याचे मला कौतुकच वाटे!

डॉक्टरांनी समजावले, की बाहेरच्या लख्ख उजेडात वाढत्या वयाच्या डोळ्याचा गोळा वाजवीपेक्षा लांबण्याला आळा बसतो. तैवानात २०१० पासून शाळांनी मुलांना रोज दोन तास बाहेर काढण्याचा उपक्रम घेतला, तेव्हा वाढत चाललेले अधू नजरेचे प्रमाण उतरू लागले. पण एकदा लागलेला नंबर बाहेर खेळून जात नाही. हे ऐकून मी दवाखान्याच्या जिन्यात रडले.

तेव्हापासून आम्ही चौघी शेजारणी पाळीपाळीने मुलांना राणीच्या बागेत नेतो. १८६२ साली खुली झालेली ही बाग आपल्या हाकेवर आहे. मुले जातात प्राणी पाहायला आणि रमतात झाडांत. गोरखचिंचेच्या बुंध्याला हातांत हात घालून वेढा घालतात. कैलासपतीचे फूल फांदी सोडून खोडाला का लागते, असे मुलाने विचारले. मलाही ते नवलच होते.

ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी कोसबाडला गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शाळाच कुरणात नेली. दगड, बिया, पाने हीच तिथली पाटीपुस्तके. आणि आपण मुलांना चार भिंतींत कोंडतो!

भगिनींनो, दुपारचे कडक ऊन टाळा. पण सकाळ-संध्याकाळ मुलांची असू द्या. दादरला शिवाजी पार्क आहे, गिरगावला चौपाटी आहे. एकटीला जमत नसेल तर चौघी मिळून पाळ्या लावा.

कपडे मळतील, मुले पडतील. परवा माझा मुलगा गुडघा फोडून आला. मी तो धुतला, हळद लावली आणि दुसऱ्या दिवशी त्याला पुन्हा खेळायला पाठवले.