पदवीपुढची वाट
(सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषणाचा संक्षेप)



गेल्या पन्नास वर्षांत आपल्या संस्थेच्या साहाय्याने अनेक मुलामुलींनी पदवी मिळवली. आज मी पदवीपुढच्या वाटेविषयी बोलणार आहे.

आपल्या मिहानमधील टाटा समूहाच्या कारखान्यात बोइंग ७८७ विमानाची आतील फरशी पेलणाऱ्या तुळया तयार झाल्या आहेत. त्या लोखंडाच्या नव्हेत. कार्बनच्या तंतूंचे थर राळेत बांधून, उष्णता व दाब देऊन असे भाग घडवतात. थरांमध्ये पोकळी राहिली काय, हे पाहण्यासाठी सोनोग्राफीत वापरतात तशा श्राव्यातीत ध्वनिलहरी आत सोडतात. थर सुटला असेल तेथून लहर परत फिरते.

ही तपासणी कशी करावी, हे अभियंता शिकतो. परंतु थर मुळात का सुटतो, वर्षानुवर्षांच्या ताणाने तंतू व राळ यांच्या सांध्यात काय बदलते, याचा शोध घेणे हे संशोधकाचे कार्य होय. पहिल्यासाठी चार वर्षे पुरतात. दुसऱ्यासाठी आणखी पाच-सहा वर्षांची साधना लागते. नेमकी येथेच आपली गुणी मुले माघारी वळतात. “अजून किती वर्षे शिकणार?” हा प्रश्न घरोघरी विचारला जातो, मुलींना तर अधिकच.

वास्तविक, शिक्षणाची सोय आपल्या दारी आहे. नागपूर विद्यापीठ १९२३ चे. १९६० मध्ये स्थापन झालेले प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालय आज विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था म्हणून देशभर ज्ञात आहे. नेट परीक्षेतून कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळाल्यास जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये व त्यानंतर ४२,००० रुपये मिळतात.

मग अडते कोठे? एम.एस्सी. झाल्यावर परीक्षेच्या तयारीचे वर्ष निराधार जाते. प्रवेशानंतरही रक्कम हाती पडण्यास कित्येकदा विलंब होतो. घरची स्थिती बेताची असेल, तर मुलगा मिळेल ती नोकरी धरतो. आपली शिष्यवृत्तीही पदवीपाशीच थांबते.

या नगरीला विद्यादानाची परंपरा आहे. कामठीचे रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनी सुमारे ३५ लाख रुपये विद्यापीठाला दिले. त्यातून १९४२ मध्ये लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्था उभी राहिली आणि २०२३ मध्ये तिला स्वतंत्र विद्यापीठाचा दर्जा मिळाला. जैन कुटुंबात जन्मलेल्या डॉ. विक्रम साराभाई यांनी विश्वकिरणांवर संशोधन करून १९४७ मध्ये केंब्रिजची डॉक्टरेट मिळवली. त्याच वर्षी अहमदाबादला त्यांची भौतिकी संशोधन प्रयोगशाळा सुरू झाली, तीही कुटुंबीय व नगरजनांच्या पाठबळावर.

म्हणून विश्वस्त मंडळास माझी नम्र विनंती आहे. सुवर्णमहोत्सवी निधीतून दरवर्षी किमान एका विद्यार्थ्यास अथवा विद्यार्थिनीस भौतिकशास्त्र वा अभियांत्रिकीतील संशोधनासाठी हे मधले वर्ष पार करण्याइतके साहाय्य द्यावे. अट एकच असावी : त्याने रविवारी आपल्या शाळकरी मुलांना गणित व विज्ञान शिकवावे.

पालकांनाही सांगणे आहे. संशोधनाचे फळ उशिरा येते. तोवर मुलांना धीर द्या, घाई करू नका.