विटलं, विझलं, विरलं



परवा गटाच्या बैठकीत एकजण म्हणाली, "माझी साडी फेड झाली." शेजारच्या आजींनी विचारलं, "म्हणजे विटली का गं?" सगळ्या हसल्या. मला मात्र विचार पडला.

फिलिपिन्स देशात सेबू बेटावर आणि आसपास सेबुआनो भाषा बोलतात. त्यांच्याकडे कापडाचा रंग गेला तर 'लुबाद', पान सुकलं तर 'लाया', दिवा विझला तर 'पालोंग' आणि एखादी गोष्ट दिसेनाशी झाली तर 'हानाव' म्हणतात. इंग्रजीतही यांना फेड, विदर, गो आउट, व्हॅनिश असे निरनिराळे शब्द आहेत. आपल्या घरात मात्र एकटा 'फेड' शिरला आणि विटणं, कोमेजणं, विरणं, पुसट होणं मागे पडलं.

नेमका शब्द असला की काय करायचं तेही कळतं. कोमेजलं तर पाणी घालावं, विझलं तर काडी ओढावी.

सेबुआनोची आणखी एक गंमत सांगते. 'नाहानाव' म्हणजे नाहीसं झालं. 'माहानाव' म्हणजे नाहीसं होईल, अजून झालेलं नाही. फरक एका अक्षराचा, पण त्यात सगळी आशा आहे.

आपल्या आजीचे शब्द अजून 'मा'वरच आहेत, 'ना'वर गेलेले नाहीत. पुढच्या बैठकीला प्रत्येकीने घरातल्या म्हातारीकडून असे पाच शब्द विचारून आणा. गटाच्या वहीत मागच्या पानावर लिहून ठेवू.